स्त्रीवेषाचा हलका बोजा

प्रवासाची बॅग भरताना काय न्यावे यापेक्षा काय मागे ठेवावे, हे ठरवणे अधिक कठीण असते. स्त्रीवेष धारण करण्याची ओढ असलेल्या पुरुषांसाठी तर हा प्रश्न दुहेरी होतो. दोन दिवसांच्या मुक्कामासाठी त्यांना पुरुषाचे कपडे लागतात आणि स्त्रीचेही. साडी, परकर, पोलके, केसांचा टोप, चपला, रंगभूषेचे साहित्य, दागिने असे एकेक जमवत गेले की एका माणसाची बॅग दोन माणसांची होते. बॅग जड झाली की ती उचलणे अवघड होतेच. ती लपवणे, उघडणे आणि तिच्याविषयी कुणाला सांगणे त्याहून अवघड होते.

जळगावचा मेहरूण हा भाग तलावासाठी आणि गोड बोरांसाठी ओळखला जातो. एके काळचे हे गाव आता शहरात मिसळून गेले आहे. तरीही येथे आणि खान्देशातील अशा अनेक वस्त्यांत शेजारी एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात. कोण कुठे निघाला, किती दिवसांसाठी, हातात काय आहे, याची चौकशी आपुलकीने केली जाते. अशा ठिकाणी राहणाऱ्या ज्या पुरुषाला कधीतरी साडी नेसून आरशासमोर उभे राहावेसे वाटते, त्याला घरात तशी जागा क्वचितच मिळते. मग मुंबई, पुणे किंवा सुरतेची कामानिमित्तची फेरी हीच त्याची मोकळीक ठरते. जळगाव हे मुंबई-भुसावळ लोहमार्ग आणि सुरतेहून येणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग यांच्या संगमावरचे जंक्शन असल्याने तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. प्रश्न उरतो तो सामानाचा.

आवड, ओळख आणि गैरसमज

इंग्रजीत अशा व्यक्तीला क्रॉसड्रेसर म्हणतात. मराठीत त्यासाठी रुळलेला एकच शब्द नाही. ‘वेषांतर करणारा’ हा जवळचा, पण अपुरा शब्द आहे. वेषांतरात दुसऱ्याला फसवण्याचा हेतू गृहीत धरला जातो. येथे तसा हेतू नसतो. स्वतःला स्त्रीवेषात पाहण्याचा, काही काळ त्या रूपात वावरण्याचा आनंद एवढेच अनेकांच्या बाबतीत त्याचे स्वरूप असते. असे पुरुष विवाहित असू शकतात, नोकरी-व्यवसायात स्थिरावलेले असू शकतात आणि उरलेला सारा वेळ पुरुष म्हणूनच समाधानाने जगत असतात. तृतीयपंथी समाज, पारलिंगी व्यक्ती आणि समलिंगी व्यक्ती यांच्याशी या आवडीची सरसकट सांगड घालणे चुकीचे आहे. पेहरावाची आवड, स्वतःची लिंगओळख आणि लैंगिक आकर्षण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. काही जणांच्या आयुष्यात त्या एकत्र येतात, अनेकांच्या येत नाहीत.

जर्मन डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१० मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यानंतर बराच काळ ही आवड वैद्यकाच्या चौकटीतून पाहिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तिच्यासाठी निदानाच्या नोंदी होत्या. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत त्या काढून टाकण्यात आल्या. केवळ दुसऱ्या लिंगाचे कपडे घालणे हा आजार नव्हे, ही भूमिका त्यामागे आहे.

भारतात पुरुषाने साडी नेसणे हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना, व्यक्तीला आपली लिंगओळख पेहराव, शब्द, कृती आणि वर्तन यांतून व्यक्त करता येते आणि राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात तिचा समावेश होतो, असे म्हटले. २०१७ मध्ये न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. दुसऱ्या व्यक्तीचे नाव घेऊन किंवा खोटी ओळख सांगून कुणाला फसवणे हा मात्र गुन्हा आहे. म्हणूनच प्रवासात पेहराव कोणताही असो, नाव आणि कागदपत्रे खरी असणे महत्त्वाचे ठरते.

पेटारा, ट्रंक आणि गाठोडे

स्त्रीवेषाचे सामान घेऊन गावोगाव फिरणारे पुरुष महाराष्ट्राला नवे नाहीत. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हापासून पुढे जवळजवळ नव्वद वर्षे मराठी रंगभूमीवरील नायिका बहुतांशी पुरुषांनीच रंगवल्या. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर, त्यानंतर बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ अशी ही परंपरा आहे. खान्देशाशीही तिचे नाते आहे. बालगंधर्वांचे, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांचे, गाण्याचे आरंभीचे शिक्षण जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे झाले; त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आजही शहरात आहे. ‘भावबंधन’मधील लतिकेसारख्या स्त्रीभूमिका करणाऱ्या दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी धुळे जिल्ह्यातील तापीकाठच्या थाळनेरची.

या नाटक कंपन्यांचा प्रवास म्हणजे एक मोठे बिऱ्हाड असे. पडदे, सामान, कपडेपट, वाद्ये, स्वयंपाकी आणि नटमंडळी असा सारा संसार आगगाडीने गावोगाव हलत असे. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने या थाटाची परमावधी गाठली. बालगंधर्वांच्या साडीची, केशरचनेची आणि दागिन्यांची नक्कल त्या काळच्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया करीत. मात्र या वैभवाचा खर्च कंपनीला पेलवला नाही आणि ती कर्जाच्या ओझ्याखाली दबत गेली. याच बालगंधर्वांनी १९१९ मध्ये ‘एकच प्याला’त दारिद्र्यात खितपत पडलेली सिंधू उभी केली, तेव्हा मात्र प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणायला शालू आणि हिऱ्यामोत्यांची गरज पडली नाही. मान वळवण्याची रीत, पदर सावरणारा हात, पावलांची गती यांनी ती स्त्री उभी राहिली. जे अंगात मुरलेले असते ते ट्रंकेत भरावे लागत नाही, हा स्त्रीवेषाच्या शास्त्रातला पहिला धडा आहे.

लोकरंगभूमीने हा धडा गरजेपोटी आधीच गिरवला होता. कोकणातील दशावतारी मंडळींत स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. त्यांचे सारे सामान पेटाऱ्यात मावे आणि तो पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेकडे पायी जात. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्यातूनच आली. तमाशात स्त्रिया येण्यापूर्वी नाच्या पोऱ्या लुगडे नेसून नाचत असे आणि गवळणीतील ‘मावशी’ तर नंतरही पुरुषच करीत राहिला. या मावशीचा कपडेपट तो किती? एक लुगडे, डोक्यावरून घेतलेला पदर आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. तेवढ्यावर ती अख्खी रात्र गाजवत असे.

या वाटेवरचा दुसरा, बोचरा धडाही विसरून चालणार नाही. मराठी चित्रपटांतून ‘नाच्या’ अजरामर करणारे गणपत पाटील यांना पडद्याबाहेरही त्याच नजरेने पाहिले गेले आणि त्याची झळ त्यांच्या कुटुंबालाही बसली. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. आनंद यादव यांच्या कादंबरीवरून २०१० मध्ये आलेल्या ‘नटरंग’ने हीच वेदना नव्या पिढीपुढे मांडली. रंगमंचावर ज्या रूपाला टाळ्या मिळतात तेच रूप रस्त्यावर दिसले की हेटाळणी होते, हे वास्तव मेहरूणहून निघणाऱ्या प्रवाशालाही ठाऊक असते. त्याच्या बॅगेतील गुप्ततेचे मूळ येथे आहे.

परदेशातही चित्र फार निराळे नव्हते. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरात १९५० आणि ६० च्या दशकांत सुझाना व्हॅलेंटी आणि त्यांची पत्नी मरी यांनी चालवलेल्या विश्रामस्थळी शहरांतील विवाहित, नोकरदार पुरुष शनिवार-रविवारी सुटकेस घेऊन येत आणि दोन दिवस स्त्रीवेषात राहून सोमवारी कामावर परतत. तेथे काढलेली छायाचित्रे पुढे न्यू यॉर्कच्या जुन्या बाजारात सापडली आणि २००५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतल्या कित्येक प्रसंगांत विशेष असे काहीच घडताना दिसत नाही. कुणी चहा पीत आहे, कुणी पत्ते खेळत आहे. एवढ्या साध्या गोष्टीसाठी ही माणसे मैलोगणती प्रवास करीत होती.

कपड्यांची निवड

दोन-तीन दिवसांच्या मुक्कामासाठी एक साडी आणि एक कुर्ती-लेगिंग्जचा जोड पुरेसा होतो. साडी हा हलक्या प्रवासासाठी जणू योजलेला पोशाख आहे. ती शिवलेली नसते, त्यामुळे मापाचा प्रश्न येत नाही. घडी सपाट बसते. एकच साडी वेगवेगळ्या पद्धतींनी नेसता येते. जॉर्जेट किंवा तत्सम कृत्रिम धाग्याची पाचवारी साडी साधारण अर्ध्या किलोच्या आत असते, चुरगळत नाही आणि धुतल्यावर रात्रीत वाळते. जरीची रेशमी साडी पाऊण ते एक किलोपर्यंत जाते, तिला इस्त्री लागते आणि जरीची घडी मोडण्याची धास्ती वेगळीच. नऊवारीला कापड जास्त लागते, मात्र काष्ट्यामुळे परकर लागत नाही आणि पायही झाकले जातात. शिवलेली नऊवारी नेसायला सोपी असली तरी बॅगेत जागा अधिक घेते.

खरी अडचण पोलक्याची असते. पुरुषाचे खांदे आणि दंड रुंद असल्याने तयार पोलकी बसत नाहीत. ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाचे, कोपरापर्यंत बाह्यांचे काळे पोलके कोणत्याही साडीवर चालते आणि मुठीत मावते. ओढणी मात्र जरूर घ्यावी. ती कुर्तीवर शोभते, रुंद खांद्यांवरून सोडल्यास त्यांची रुंदी लपवते, गळ्याचा उंचवटा झाकते आणि गाडीत पांघरूण म्हणूनही उपयोगी पडते. सर्व कपडे एकाच रंगसंगतीतले निवडले, समजा काळा, मरून आणि मोतिया, की कोणतीही वस्तू कोणत्याही वस्तूवर चालते आणि नगांची संख्या आपोआप घटते.

पुरुषाच्या कपड्यांतही काटकसर करता येते. साधा सुती कुर्ता, गडद जीन्स, कातडी कोल्हापुरी चप्पल या वस्तू दोन्ही रूपांत खपून जातात. पादत्राणे हा बॅगेतला सर्वांत जड आणि सर्वांत अडगळीचा भाग असतो. उंच टाचांचे बूट मोठ्या मापात सहजी मिळत नाहीत आणि सवय नसल्यास पाय मुरगळतो. चालताना तोल जाणारी व्यक्ती कोणत्याही पेहरावात उठून दिसते. त्याऐवजी सपाट सँडलचा एकच जोड घ्यावा आणि त्याच्या पोकळीत मोजे व आतले कपडे गुंडाळून भरावेत.

छातीचे भराव सिलिकॉनचे असल्यास जोडी किलो-दीड किलोची होऊ शकते. प्रवासासाठी फोमचे भराव बरे. तेही नसल्यास गुंडाळलेले स्वच्छ मोजे हा जुना आणि चालणारा उपाय आहे. केसांचा टोप उलटा करून जाळीत गुंडाळावा आणि सॅटिनच्या पिशवीत ठेवावा. खांद्यापर्यंत केस असलेला टोप लांब केसांच्या टोपापेक्षा कमी गुंततो. खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कृत्रिम केसांचा टोप आणि लिपस्टिक अशा दिवसांत बंद मोटारीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवणे म्हणजे दोन्ही गमावणे होय.

दागिन्यांत कान न टोचता घालता येणाऱ्या चापाच्या कुड्या, एक साखळी आणि टिकल्यांचे पाकीट एवढे पुरते. बांगड्यांची मापे दोन इंचांच्या पुढे इंचाच्या सोळाव्या भागांत मोजतात. दोन-आठ म्हणजे अडीच इंच व्यास. पुरुषाच्या हाताला बहुधा दोन-दहा किंवा त्याहून मोठे माप लागते. काचेच्या बांगड्या प्रवासात फुटतात, म्हणून उघडमिटीचे एक धातूचे कडे सोयीचे.

या सर्वांचा हिशेब मांडला तर साडी अर्धा किलो, कुर्तीचा जोड अर्धा किलो, पोलके-परकर आणि आतले कपडे पाव किलोच्या आसपास, सँडल अर्धा किलो आणि टोप, भराव, दागिने व रंगभूषा मिळून पाऊण किलो, असे तीन किलोच्या आत काम भागते. देशांतर्गत विमानप्रवासात हातातल्या बॅगेला साधारण सात किलोची मर्यादा असते. तीतही पुरुषाच्या कपड्यांसाठी अर्ध्याहून अधिक वजन शिल्लक राहते.

रंगभूषा : एक डबी पुरे

जुन्या रंगभूषेत सफेदा, हिंगूळ, मुरदाडशिंग अशी द्रव्ये वापरली जात. त्यांतील हिंगूळ हे पाऱ्याचे आणि मुरदाडशिंग हे शिशाचे संयुग आहे. दोन्ही विषारी आहेत. त्या मानाने आजच्या प्रवाशाचे काम सोपे आहे. मुख्य अडचण दाढीच्या निळसर छटेची असते. घोटून दाढी केल्यावर नारिंगी छटेचा थर आणि त्यावर त्वचेच्या रंगाचा थर दिल्यास ती झाकली जाते, कारण नारिंगी रंग निळ्याला मारतो. गडद नारिंगी-लाल लिपस्टिक घेतल्यास तीच थोडीशी दाढीच्या जागी, थोडीशी गालांवर आणि उरलेली ओठांवर वापरता येते. काजळाची कांडी भुवयांनाही चालते. नखांना रंग लावण्यापेक्षा चिकटवायची नखे बरी. रंग काढण्याचे द्रव ज्वालाग्राही असते आणि त्याचा वास बॅगभर पसरतो.

चेहरा स्वच्छ करण्यासाठी नटमंडळी पूर्वापार खोबरेल तेल वापरत आली आहेत. काजळ आणि लिपस्टिक त्याने सुटते, नंतर साबणाने चेहरा धुतला की काम झाले. खोबरेलची छोटी बाटली कोणत्याही पुरुषाच्या बॅगेत शोभते, हा तिचा आणखी एक गुण. परतीच्या सकाळी पापण्यांच्या कडा, कानामागची जागा आणि सदऱ्याची कॉलर उजेडात नीट पाहावी. काजळाची रेघ सर्वांत उशिरा सुटते.

वाटेवर आणि मुक्कामी

रेल्वेत द्वितीय श्रेणीत ३५ किलो आणि शयनयानात ४० किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते. म्हणजे हलके सामान घेण्याचे कारण नियमांत नसून सोयीत आहे. छोटी पाठपिशवी उशाशी ठेवता येते, नजरेआड होत नाही आणि सहप्रवाशाच्या हाताने चुकूनही उघडली जात नाही. मोठ्या स्थानकांवर आणि विमानतळांवर सामान यंत्रातून तपासले जाते. तेथे कपड्यांत गैर काही नाही हे लक्षात ठेवून, विचारल्यास ‘कपडे माझेच आहेत’ एवढे शांतपणे सांगणे पुरेसे. खोट्या गोष्टी रचल्या की संशय वाढतो. घडीची साडी तर कुणाच्या डोळ्यांवर येतही नाही. आई-बहिणीसाठी साडी घेऊन जाणारे पुरुष महाराष्ट्रातल्या प्रत्येक गाडीत असतात. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात हातातल्या बॅगेतील द्रव आणि जेलच्या वस्तूंना १०० मिलिलिटरची मर्यादा असते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रवास शक्यतो नेहमीच्या वेषात करावा आणि पेहराव मुक्कामी पोचल्यावर बदलावा. स्त्रीवेषात प्रवास करायचाच झाल्यास काही पथ्ये अटळ आहेत. रेल्वेच्या महिलांसाठी राखीव डब्यात पुरुषाने शिरणे रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६२ नुसार दंडास पात्र आहे. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत आहे. साडीत बसलेल्या पुरुषाने ती घेणे ही फसवणूक ठरेल, म्हणून वाहकाकडे पूर्ण तिकीट मागावे. महिलांची प्रतीक्षागृहे आणि प्रसाधनगृहे यांबाबतही तसेच. तेथील स्त्रियांना वाटणारी सुरक्षितता या आवडीपेक्षा मोठी आहे. उपाहारगृहातील किंवा हॉटेलातील एका व्यक्तीसाठीचे स्वच्छतागृह हा सर्वांच्या सोयीचा मार्ग.

हॉटेलची खोली स्वतःच्या नावाने, खऱ्या ओळखपत्रावर घ्यावी आणि ओळखपत्रावरील छायाचित्राशी जुळणाऱ्या रूपात नोंद करावी. खोलीत शिरल्यावर कडी नीट लागते का, पडदे पुरते सरकतात का, हे पाहावे. इंटरनेटवर ओळख झालेल्या अनोळखी व्यक्तीला पहिल्याच भेटीत खोलीवर बोलावणे धोक्याचे आहे. अशा भेटींत छायाचित्रे काढून पैसे उकळण्याचे प्रकार घडतात आणि बदनामीच्या भीतीने बळी गप्प बसतो. मुळात खंडणी मागणे हा गुन्हा आहे. साडी नेसणे हा नाही. अशा वेळी पैसे देत न बसता ११२ वर पोलिसांना आणि ऑनलाइन पैसे गेल्यास १९३० वर सायबर मदतवाहिनीला कळवावे.

परतल्यावर

प्रवास संपतो तेव्हा बॅगेचा खरा प्रश्न सुरू होतो. ती ठेवायची कुठे? अनेकांच्या आयुष्यात एक चक्र दिसते. हौसेने वस्तू जमवायच्या, एके दिवशी अपराधी वाटून सारे जाळायचे किंवा फेकायचे, पुन्हा कधीतरी ओढ अनावर झाली की नव्याने खरेदी करायची. या चक्रात पैसा तर जातोच, पण दर वेळी मनावरचा भार वाढतो. एका लहान पिशवीत मावेल एवढेच ठेवायचे, हा नियम येथेही उपयोगी पडतो. मोजकी, स्वच्छ, धुऊन ठेवलेली वस्त्रे असली की ती आयुष्यातील एक छोटा कप्पा राहतात, सारे घर व्यापत नाहीत.

विवाहित पुरुषाच्या बाबतीत हा कप्पा पत्नीपासून कायम झाकून राहील याची खात्री नसते. बॅगेत सापडलेली लिपस्टिक किंवा अनोळखी कुडी पाहून पत्नीच्या मनात पहिली शंका येते ती दुसऱ्या स्त्रीची. त्या शंकेने होणारी जखम खऱ्या कारणापेक्षा कितीतरी खोल असते. म्हणून योग्य वेळी, शांतपणे, स्वतः सांगणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. ऐकणाऱ्याला धक्का बसणे, राग येणे, प्रश्न पडणे स्वाभाविक आहे आणि त्याला वेळ दिला पाहिजे. पत्नीने ही आवड आनंदाने स्वीकारलीच पाहिजे असा आग्रह धरता येत नाही. तिच्या सीमा कोणत्या, घरात काय चालेल, मुलांसमोर काय नको, हे दोघांनी मिळून ठरवावे लागते. कॅट्सकिलमधील त्या विश्रामस्थळाचा डोलारा सांभाळणारी मरी ही पत्नीच होती आणि न्यू यॉर्कमध्ये तिचे केसांच्या टोपांचे दुकान होते. समजूत कुठवर जाऊ शकते याचे हे एक उदाहरण असले, तरी ती प्रत्येक घरात तेवढीच जाईल असे नाही.

मनावरचा ताण असह्य होत असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. लैंगिकता आणि लिंगओळखीच्या प्रश्नांवर मुंबईत १९९४ मध्ये स्थापन झालेला हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात २००२ मध्ये सुरू झालेला समपथिक ट्रस्ट या संस्थांनी मराठी माणसांमध्ये दीर्घकाळ काम केले आहे. समुपदेशकाकडे जाण्याचा हेतू ही आवड ‘बरी’ करून घेणे हा नसावा. तिच्यासह घर, काम आणि नाती नीट कशी चालवावीत, हे समजून घेणे हा असावा.

गंधर्व मंडळीच्या थाटामाटाच्या ट्रंका कंपनीबरोबरच काळाच्या पडद्याआड गेल्या. दशावतारी मंडळी मात्र आजही जत्रांच्या दिवसांत कोकणातल्या गावोगाव फिरत आहेत. पेटारा आता डोक्यावरून टेम्पोत गेला आहे एवढाच फरक. त्यातली साडी नेसून रात्रभर राणी झालेला नट सकाळी तोंड धुऊन चहा घेतो, साडीची घडी घालतो आणि पुढच्या गावाला निघतो. गावातले लोक त्याला दोन्ही रूपांत ओळखतात आणि दोन्ही रूपांत त्याला जेवायला वाढतात. मेहरूणहून निघालेल्या प्रवाशाला ते भाग्य अजून लाभलेले नाही, म्हणून त्याची पिशवी लहान, बंद आणि उशाशी असते. ती लहान असावी हे त्याच्या हातात आहे. ती लपवावी लागू नये, हे मात्र त्याच्या भोवतालच्या माणसांच्या हातात आहे.